बोरिंगसमोरची भिंत

पेंटरभाईंचं चित्र बघायचं तर आधी त्यांनी सांगितलेल्या जागी जावं लागे. ते जमिनीवर कोळशाने फुली मारत आणि हातातल्या कामटीने दाखवत, "इथी. जरासे मागे. आता बसा." बसायचं नसलं तरी बसावं लागे, नाहीतर ते चित्रावर पोतं टाकून बिडी ओढायला निघून जात. तालुक्याहून आलेल्या एका साहेबांनाही त्यांनी असंच उकिडवं बसवलं होतं. साहेबांची पँट घट्ट होती. 'चित्र छान आहे' असं ते म्हणाले, पण उठून उभे राहिल्यावर म्हणाले, त्यामुळे पेंटरभाईंनी ते धरलं नाही.

"उभ्या माणसाचं मत उभ्या माणसाजवळ," ते मला नंतर म्हणाले.

मी तेव्हा नागभीडपासून आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात उपकेंद्राची नर्स होते. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. उपकेंद्राच्या दर्शनी भिंतीवर लसीकरणाचे आणि लहान कुटुंबाचे संदेश लिहून घ्यायचे होते, म्हणून वरोऱ्याहून पेंटर बोलावला, तर हे गृहस्थ आले. पन्नाशीचे, उंच, खांदे वाकलेले. रंग डालड्याच्या डब्यांत. संदेश त्यांनी दोन दिवसांत सुरेख अक्षरांत लिहून टाकले आणि मग परत जायचं नावच काढलं नाही. शाळेच्या पडवीत त्यांनी मुक्काम ठोकला. गाव त्यांना पेंटरभाऊ म्हणे, मी भाई म्हणत असे.

त्यांचे वडील वरोऱ्याला पत्र्याच्या पेट्या रंगवायचे. लग्नातल्या पेट्या. बाहेरून सगळ्या पेट्या सारख्याच हिरव्या, पण झाकणाच्या आतल्या बाजूला ते एक चित्र काढून देत. कोणाला कमळ, कोणाला मोर. "पेटी उघडून वाकल्याशिवाय दिसत नव्हतं ते. सासरच्या घरी पोरगी एकटी वाकणार, तिले एकटीलेच दिसणार," भाई सांगत. "लोकं म्हनतात चित्र डोळ्यांनी पाहतात. डोळे तं कुठीबी जातात. चित्र मानेनं पाहतात, सिस्टर. मान कशी ठेवाची ते पेंटरनं ठरवाचं."

हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात असा माणूस गावात असणं म्हणजे कटकट असते. वडशाच्या एका नाटक मंडळीने त्यांना पडदे रंगवायला ठेवलं होतं आणि एका हंगामात काढूनही टाकलं. झाडीपट्टीतली नाटकं रात्रभर चालतात, हजारो लोक येतात, पडदा ठसठशीत लागतो. भाईंनी वाड्याच्या दिवाणखान्याचा पडदा काढला आणि मागच्या भिंतीत एक दार थोडंसं उघडं ठेवलं. आत काळोख. बाकी काही नाही. पहिल्याच प्रयोगाला नायक रडत होता, नायिका विष घेत होती, आणि लोक दाराकडे बघत बसले होते. मालक चिडून म्हणाला, "लोकं नाटक पाहून नाई राह्यले, दार पाहून राह्यले. बंद करा ते." भाईंनी दार बंद केलं. म्हणजे रंगवून बंद केलं. दुसऱ्या गावी तर लोकांनी नजरच हलवली नाही. खलनायकाचं काम करणारा नट पडद्याकडे पाठ करून उभा राहीना. त्या दिवशी भाईंचा हिशेब झाला.

"तुम्ही त्या दाराला केलं तरी काय होतं?" मी विचारलं.

"काईच नाई. सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे जराशा वळवल्या होत्या. घरातल्या खुर्च्या दाराकडे वळल्या असल्या तं कोन्तरी येनार असते न."

मला त्यांनी एक लहान चित्र दिलं होतं. पडवी, बंद दार, आणि पायरीवर लहान मुलाची एकच चप्पल. ते मी इंजेक्शनच्या खोलीत लावलं. भाईंनी माझा खिळा उपसून ते पार खाली, बाकावर बसलेल्या पोराच्या डोळ्यांसमोर येईल असं लावलं. त्यानंतर त्या खोलीत मुलं रडेनाशी झाली. गप्प बसून चित्रातल्या दाराकडे बघत राहायची, आणि तेवढ्यात माझी सुई टोचून व्हायची. आयांना ते आवडत नसे. मला सोयीचं होतं, मी राहू दिलं.

आता भिंतीचं सांगते.

आदल्या वर्षी मोहाच्या दिवसांत अनसाबाई नावाची बाई वाघाने नेली होती. मोहाची फुलं पहाटे गळतात. बाया झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी करून ठेवतात आणि उजाडताना त्यावरची पिवळी फुलं वेचतात. सगळा वेळ कमरेत वाकून. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं नाकेदार सांगायचा. नाकेदार म्हणजे इकडे जंगलखात्याचा गार्ड. वाघ मागून आला होता. अनसाबाईची जाऊ, भागरता, पुढच्याच झाडाखाली वेचत होती. तिला आवाजसुद्धा आला नाही. तिने टोपली भरली, 'चाल वं' म्हणून वळली, तर मागे कोणी नव्हतं.

भागरताला पुन्हा मोह वेचायला जायचंच होतं. मोह नाही वेचला तर पावसाळ्यात घरात काय शिजणार, हा तिचा साधा प्रश्न होता. मी आणि नाकेदार दोघंही 'जाऊ नको' म्हणालो. "नोको जाऊ म्हनाले काय लागते जी," ती म्हणाली. "तुमचा पगार येते पहिल्या तारखेले."

नाकेदाराने भाईंकडून रस्त्यावर एक फलक रंगवून घेतला. वाघाचा जबडा, लाल जीभ, खाली 'सावधान'. भाईंनी मुकाट रंगवला. चार दिवसांत पोरं त्या जबड्यात बोटं घालून खेळू लागली आणि कोणीतरी फलकाच्या खांबाला वासरू बांधलं.

"दिसला म्हनजे संपलं," भाई म्हणाले. "सिस्टर, मले ती बोरिंगसमोरची भिंत द्या."

उपकेंद्राची ती बाजूची भिंत कोरीच होती. तिच्यासमोर बोरिंगचा हातपंप, पंपापलीकडे रस्ता, एक करंजाचं झाड, मग धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पुढे जंगल. भिंतीचं तोंड उगवतीला. म्हणजे सकाळी पाणी भरणाऱ्या बाईच्या पाठीशी सूर्य आणि सूर्याखाली जंगल. भाईंनी हे सगळं बघून ठेवलं होतं. एका सकाळी त्यांनी हातात पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, देऊन मलाच पंपावर उभं केलं.

"हापसा. आता गुंड उचलाले वाका. तशाच राहा."

"भाई, आत बाळंतीण आहे."

"ते कुठी जाते? मान नोको उचलू."

माझी मान जिथे आली त्या उंचीवर त्यांनी भिंतीवर आडवी सुतळी मारली. मग भिंतीवर पडलेल्या माझ्या वाकलेल्या सावलीभोवती खडूने रेघ ओढली. "या जागी मी काई काढनार नाई," ते म्हणाले. "हे बायायची जागा."

चित्र पुरं होईपर्यंत त्यांनी भिंतीवर बारदानं टांगून ठेवली होती. काढली तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांची निराशाच झाली. साधं रान होतं. ऐनाची झाडं, वाळलेलं गवत, डावीकडे चितळांचा कळप, फांदीवर दोन वानरं, एक मोर. मध्ये खालच्या बाजूला गवत नसलेली मोकळी माती. वाघ नाही. नाकेदार म्हणाला, "हे तं कॅलेंडर झालं गा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया पाण्याला आल्या. ऊन पाठीवर होतं. भागरता गुंड उचलायला वाकली आणि तिची सावली बरोबर त्या मोकळ्या मातीवर जाऊन पडली, जणू चित्रातच कोणी मोह वेचत होतं. वाकल्यावर नजर सुतळीच्या उंचीला आली आणि मग ते दिसलं. उभं राहून बघितलं तर चितळं कुठे तरी बघताहेत एवढंच वाटायचं. वाकलं की कळायचं, ती सगळी आपल्याकडे मुळीच बघत नाहीत. आपल्या खांद्यावरून मागे बघताहेत. एका चितळाने पुढचा पाय उचलून धरलेला. वानराचं तोंड ओरडायला उघडलेलं. मोराने मान लांब केलेली. सगळे डोळे एकाच जागी.

भागरताने गुंड सोडला आणि मागे बघितलं.

मागे करंजाचं झाड होतं आणि रस्त्यावरून एक सायकल चालली होती.

"बाप्पा!" ती म्हणाली. मग हसली. तिच्यामागची बाई वाकली, तिनेही मागे बघितलं. त्या सकाळी पंपावर आलेल्या प्रत्येक बाईने बघितलं. मीही तांब्या भरायला गेले, आणि आपण काय करतो आहोत हे ठाऊक असूनही माझी मान वळली. ती वळते. त्याला इलाज नव्हता.

भाई पडवीत बिडी ओढत बसले होते. "पंपावर वळली तं रानातबी वळन," एवढंच म्हणाले.

पंधरा-वीस दिवस असे गेले. बाया शेणाच्या टोपल्या उचलताना, चुलीतली राख काढताना वाकून मागे बघायला लागल्या. आपण असं करतो आहोत हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. नवरे चेष्टा करायचे, सासवा करवादायच्या.  एवढी माणसं एका माणसाने रंगाच्या डब्यातून हलवावीत हे मला मात्र पटत नव्हतं.

मग गावाने आपल्या पद्धतीने विचार केला. इकडे वाघाने माणूस मारलं त्या जागी दगड मांडून शेंदूर लावायची रीत आहे. वाघदेव. अनसाबाईचा दगड रानात होताच. पण इथे तर रोज सकाळी कोणीतरी मागे उभं असतं, जनावरंसुद्धा बघताहेत, आणि त्याला साधी जागासुद्धा नाही, हे बायांना बरं दिसेना. भागरता भिंतीला पाठ लावून वाकली, चितळांची नजर कुठे जाते ते तिने नीट ताडलं आणि थेट चालत करंजाच्या झाडापाशी गेली. "इथीच," म्हणाली. तिथे दगड बसला. शेंदूर, नारळ, लाल झेंडा.

दुसऱ्या दिवसापासून बाया वाकायच्या, वळायच्या, करंजाखाली दगड दिसायचा, हात जोडायच्या आणि गप्पा मारत घरी जायच्या. चेहरे मोकळे झाले होते. मला वाटलं, चला, बरं झालं.

भाईंचा मात्र तोल गेला. "त्याले बसवून टाकलं!" ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहून ओरडत होते. "तो कुठीबी होता म्हनून मान वळत होती. आता तो करंजाखाली हाय. रानात काऊन पाहतीन? रानात तो नाईच न आता!"

"दगडाला हात लावाल तर त्याच दिवशी तुम्हाला वरोऱ्याच्या गाडीत बसवीन," मी म्हटलं. मला गावात दंगा नको होता, आणि त्यातल्या त्यात त्यांच्या हातून तर नकोच.

त्यांना ते लागलं. "मी काऊन हात लावू? देव त्यायचा, बसवला तं बसवला. भिंत माही हाय."

भिंत सरकारची होती. पण मी त्यांना अडवलं नाही, कारण शिमगा जवळ आला होता, मोहाला कळे दिसत होते, आणि मी स्वतः त्या सकाळी भागरताला शेण भरताना बघितलं होतं. ती वाकली, भरत राहिली, उठली. मागे बघितलं नाही.

भाईंनी पुन्हा बारदानं टांगली. या वेळी त्यांनी कोणाला फुलीवर उभं केलं नाही. ती काढली तेव्हा सकाळच होती आणि बाया रांगेत होत्या.

रान तसंच होतं. झाडं तीच, मोकळी माती तीच. जनावरं नव्हती.

पुसलेली वाटत नव्हती. गेलेली वाटत होती. चितळं उभी होती तिथलं गवत दबलेलं, आणि पुढचं सगळं गवत आतल्या बाजूला वाकलेलं, जणू त्यातून आत्ताच काही पळालं होतं. वरच्या कडेला वानराची अर्धी शेपटी. मोराचं एक पीस हवेत, अजून खाली न पोचलेलं.

पंपाचा दांडा थांबला. 

"कुठी गेले जी?" भागरताने विचारलं.

"पळाले," भाई म्हणाले.

"काऊन?"

"मले काय पुसता? तुमी तिथी उभ्या हा."

ती वाकली. तिची सावली मोकळ्या मातीवर पडली. आता त्या चित्रात ती एकटीच होती. तिने मागे बघितलं. करंजाखाली दगड होता, झेंडा होता, कालचं फूल होतं. ती दगडाकडे बघून थांबली नाही. दगडाच्या पलीकडे बघत राहिली, बांध्यांकडे, रानाच्या कडेकडे, आणि मग एकदम दुसऱ्या बाजूला.

"लय हरामखोर मानूस हाय हा," ती मला म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

मोहाच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, बाया रानातून रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या. एकीचा घोटा मुरगळला होता, म्हणून सगळ्या माझ्याकडे आल्या आणि मला कळलं. भागरता वेचत होती. तीन-चार फुलं वेचायची आणि बघायची, बाकीच्या तिला हसत होत्या. एकदा बघितलं तर मागच्या झाडाखाली, जाळून काळ्या केलेल्या जमिनीवर, तो होता. "उभा नवता, बसला होता," ती म्हणाली. "मांजर बसते तसा. मी पाहिलं म्हनून बसला." तिने ओरडून सगळ्यांना एकत्र केलं आणि त्या त्याच्याकडे तोंड करून, एकमेकींचे पदर धरून, मागे मागे चालत पायवाटेपर्यंत आल्या. नाकेदाराने नंतर जाऊन ठसे बघितले. ते बराच वेळ तिच्या मागून चालत आले होते.

गावाने भाईंना कोंबडीचं जेवण दिलं. ते जेवले आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा नाटकवाल्यांकडे पडदे रंगवायला निघून गेले.

हे इथे संपलं असतं तर बरं होतं. पण पावसाळ्यात भागरता मानेच्या दुखण्यासाठी माझ्याकडे यायला लागली. मी मलम दिलं, गोळ्या दिल्या. मान दुखणारच. धानाचा रोवणा करताना ती दर दोन मुठी रोपांमागे वळून बघायची, आणि रोवणीला बाई दिवसभर वाकलेलीच असते. तिला रोवण्याला बोलावेनासे झाले. भाकरी टाकताना ती भिंतीला पाठ लावून बसे. माझ्याकडे आली की स्टूल ओढून कोपऱ्यात नेई.

"लोकं म्हनतात पेंटरनं वाचवलं," ती म्हणाली. "वाचवलं तं वाचवलं. पन सिस्टरबाई, मले आता वाचवलेलं पुरे झालं. त्याले म्हना, पुसून टाक."

मी वडशाला, नाटकवाल्यांकडे, निरोप धाडला. भाई दिवाळीनंतर आले. चुन्याची बादली घेतली आणि दिवसभर भिंत पांढरी करत राहिले. एक हात, मग दुसरा, मग तिसरा. गवत, ऐन, शेपटी, पीस, सगळं गेलं. इतकी स्वच्छ भिंत उपकेंद्राला तोवर कधी नव्हती.

सकाळी ऊन आल्यावर भागरता गुंड घेऊन आली. भाई कुंचा हातात धरून बाजूला उभे होते, मी दारात. तिने पांढऱ्या भिंतीकडे बघितलं आणि तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. पंप हापसला. गुंड भरला. ती वाकली. समोर कोऱ्या चुन्यावर तिची एकटीची सावली.

तिची मान वळली.

 मग ती सरळ झाली आणि भाईंना म्हणाली, "पुसलं नाई तुमी."

"सगळं पुसलं बाई. सिस्टरले विचारा."

"तो हाये न अजून."

भाईंनी कुंचा बादलीत ठेवला. मी त्यांना एवढ्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तो मी काढलाच नवता," ते म्हणाले. "पुसू कुठून?"

मला वाटलं, आता ती त्यांना शिव्या घालील. तिने गुंड डोक्यावर घेतला. डोक्यावर भरला गुंड असला की मान वळवता येत नाही. चार पावलं गेल्यावर ती अख्खीच वळली, पाण्याचा थेंब न सांडता, आणि उन्हात उभी राहून रानाच्या बाजूला बघत राहिली. मी भाईंकडे बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना फुलीवर उभं करणारा तो माणूस तिने सोडलेल्या जागेवर जाऊन उभा राहिला होता, आणि ती बघत होती तिकडेच बघत होता.